तारा लावण्याआधी ओपीजी कशासाठी? एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेअकरा वर्षांची. वरच्या जबड्यात उजवीकडे पक्का सुळा आला आहे, डावीकडे मात्र दुधाचा सुळा अजून घट्ट बसलेला आहे. पुढचे दात थोडे वेडेवाकडे आहेत म्हणून ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी तारांचं काही बोलण्याआधी ओपीजी (दोन्ही जबडे आणि सगळे दात एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे) आणि लॅटरल सेफ (डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे) काढून आणायला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दाढ किडली होती तेव्हा एक ओपीजी काढलेला घरात पडून आहे. सासूबाईंना एवढ्याशा पोरीच्या डोक्याला किरणं नकोत. मावसबहिणीच्या मुलाचा पुण्यात थेट थ्रीडी स्कॅन काढला, मग आपण तोच का काढू नये, असंही घरात चाललं आहे. आणि आईचा मूळ प्रश्न: दात तर तोंडात दिसतातच, मग फोटो कशाला?

ताई, आधी थेट उत्तर देते. तुमच्या मुलीच्या बाबतीत ओपीजी काढायलाच हवा, आणि तो लांबणीवर टाकू नका. तारा कधी लावायच्या हा पुढचा विषय. आत्ता महत्त्वाचा आहे तो डावीकडचा न आलेला सुळा. तुम्ही प्रश्न दातांच्या वाकडेपणाबद्दल विचारलात आणि सुळ्याची गोष्ट ओघात लिहिलीत, पण माझं लक्ष आधी तिकडेच गेलं.

वरचा पक्का सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. तो तयार होतो खूप वर, नाकपुडीच्या बाजूला, आणि तिथून खाली यायला त्याला तोंडातल्या इतर दातांपेक्षा बराच लांबचा रस्ता कापावा लागतो. येताना तो शेजारच्या दुसऱ्या पटाशीच्या दाताच्या मुळाला धरून घसरत खाली येतो. रस्ता चुकला तर बहुतेक वेळा टाळूच्या बाजूला आत वळतो. शंभरातल्या साधारण दोन जणांत हा सुळा असा अडकतो, म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. ज्यांचा दुसरा पटाशीचा दात जन्मतःच बारका, खुंटीसारखा असतो किंवा नसतोच, त्यांच्यात हे जास्त दिसतं. घरात कुणाचा सुळा असा अडकला असेल तर आणखी सावध राहावं.

दहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठ उचलून हिरडीवर बोट फिरवलं की पक्क्या सुळ्याचा फुगवटा हाताला लागायला हवा. दोन्ही बाजूंना सारखा लागला तर बहुतेक वेळा काळजी नसते. एका बाजूला लागतो, दुसऱ्या बाजूला लागत नाही. एका बाजूचा दात येऊन सहा महिने उलटले तरी दुसऱ्या बाजूचा दुधाचा दात हलतही नाही. अशा वेळी आत काय चाललंय हे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्या मुलीच्या डॉक्टरांनी नक्कीच हे बोट फिरवून बघितलं असणार.

फिल्म आली की तुम्हीही ती बघू शकता, कसं ते सांगते. फिल्म उजेडासमोर धरा किंवा फाइल स्क्रीनवर उघडा. मुलगी तुमच्यासमोर तोंड करून उभी आहे असं समजा, म्हणजे तिची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येईल. वरच्या ओळीत मधल्या रेषेपासून उजवीकडे मोजा: पहिला मोठा पटाशीचा दात, मग दुसरा जरा लहान, मग दुधाचा सुळा. त्याचं मूळ शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसेल. त्याच्या वर, हाडात, एक मोठा टोकदार दात दिसेल, तोच पक्का सुळा. आता त्याचं टोक कुठे आहे ते बघा. दुधाच्या सुळ्याच्या बरोबर वर असेल आणि दात बऱ्यापैकी उभा असेल तर तो उशिरा का होईना, आपल्या वाटेने येतोय. टोक दुसऱ्या पटाशीच्या दाताच्या मुळावर चढलेलं दिसत असेल तर त्या मुळाच्या मधोमध एक उभी रेषा मनात ओढा. टोक त्या रेषेच्या अलीकडे म्हणजे दाढांच्या बाजूला आहे की पलीकडे पहिल्या पटाशीच्या दाताच्या बाजूला, यावर पुढचं बरंच ठरतं. सुळा जितका आडवा आणि टोक जितकं मधल्या रेषेकडे, तितकं काम अवघड.

एरिक्सन आणि कुरोल या स्वीडनमधल्या दोघांनी 1988 साली यावर काम प्रसिद्ध केलं, ते आजही आमच्या रोजच्या कामात लागतं. दहा ते तेरा वर्षांच्या ज्या मुलांचे सुळे टाळूकडे वळले होते, त्यांचे दुधाचे सुळे त्यांनी काढून टाकले आणि वाट पाहिली. 78 टक्के सुळे आपले आपण योग्य वाटेवर आले. टोक मी वर सांगितलेल्या रेषेच्या अलीकडे असेल तर हे प्रमाण 91 टक्के होतं. पलीकडे गेलेलं असेल तर 64 टक्के. त्यांच्या अभ्यासात तुलनेला दात न काढलेला गट नव्हता. पुढे 2015 मध्ये स्वीडनमध्येच झालेल्या अभ्यासात तसा गट ठेवला होता. दुधाचा सुळा काढला तिथे 69 टक्के आणि नुसता तसाच ठेवला तिथे 39 टक्के सुळे आपोआप आले. म्हणजे काही सुळे काही न करताही वाटेवर येतात, पण दुधाचा दात काढण्याने त्यांची संधी बरीच वाढते.

याचा अर्थ तुमच्या घरापुरता सांगायचा तर असा. आज, साडेअकराव्या वर्षी, एक दुधाचा दात काढून काम भागण्याची चांगली शक्यता आहे. पंधराव्या वर्षी हाच सुळा सापडला तर हिरडी उघडायची, त्या दाताला छोटं बटण आणि साखळी चिकटवायची, आणि तारांनी त्याला महिनोन्‌महिने हळूहळू खाली ओढत आणायचं. तेही होतं, आम्ही करतो, चांगलं होतं. पण वेळ, खर्च आणि पोरीचा त्रास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय अडकलेला सुळा कधीकधी शेजारच्या पटाशीच्या दाताचं मूळ खाऊन टाकतो. दुखत नाही, सूज येत नाही, वरून काही कळत नाही. म्हणून ‘दात दिसतातच की’ या म्हणण्याला माझं उत्तर हे आहे: ज्यावरून उपचार ठरतात त्यातलं अर्ध्याहून जास्त हिरडीच्या आत असतं.

सुळ्याखेरीजही ओपीजीत आम्ही ठरावीक क्रमाने बघतो. सगळे पक्के दात आहेत का, हे एकेक करून मोजतो. खालची दुसरी उपदाढ (सुळा आणि दाढा यांच्यामधल्या दोन दातांपैकी मागची) आणि वरचा दुसरा पटाशीचा दात हे जन्मतःच नसण्याचं प्रमाण, अक्कलदाढा सोडल्या तर, सगळ्यांत जास्त. खालची उपदाढ नाहीच असं दिसलं तर तिच्या जागी असलेली दुधाची दाढ जपून ठेवायची की काढून ती जागा तारांनी भरायची, हा निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण सगळ्या उपचाराची आखणीच त्यावर बदलते. जादा दात आहे का हेही बघतो. कधीकधी वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांच्या मध्ये एक लहानसा जादा दात लपलेला असतो आणि त्याच्यामुळे पुढे फट राहते. तो आत ठेवून फट मिटवायला गेलात तर फट तरी परत येते किंवा शेजारच्या मुळाला तरी धोका होतो. मुळांची लांबी आणि आकार बघतो, कारण मुळातच आखूड मुळांचे दात हलवताना हात हलका ठेवावा लागतो. लहानपणी मूल तोंडावर आपटलं असेल, दुधाचा दात आत घुसला असेल, तर त्याच्या वरच्या पक्क्या दाताचं मूळ वाकलेलं निघू शकतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत असं काही झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. न आलेल्या दाताभोवती गाठ नाही ना, दुधाची एखादी दाढ हाडाला चिकटून खाली दबत चाललेली नाही ना, जबड्याचे सांधे दोन्ही बाजूंना सारखे आहेत ना, हे सगळं एका चित्रात येतं. मोठ्या वयात तारा लावणाऱ्यांमध्ये हाडाची पातळी बघणं सगळ्यात महत्त्वाचं, पण तो तुमचा प्रश्न नाही.

आता हे चित्र कसं निघतं ते समजलं तर त्याचा भरवसा किती धरायचा तेही समजेल. या तंत्राला आजचं रूप दिलं फिनलंडच्या पातेरो यांनी, 1950 च्या आसपास हेलसिंकीत. मुलगी यंत्रात उभी राहते, आणि एका बाजूला क्ष-किरणांची नळी, दुसऱ्या बाजूला किरणं टिपणारी पट्टी, अशी जोडी तिच्या डोक्याभोवती फिरते. पंधरा सेकंदांच्या आसपास काम होतं. किरण एका अरुंद उभ्या फटीतून मागून येतात आणि एका वेळी जबड्याचा एक छोटा तुकडाच टिपला जातो. ही फिरण्याची गती अशी जुळवलेली असते की घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका पट्ट्यात जे असेल तेवढंच स्पष्ट येतं. त्या पट्ट्याच्या आत-बाहेर जे असेल ते पुसट होतं किंवा ताणलं जातं. आणि हा पट्टा पुढच्या दातांपाशी सगळ्यात अरुंद असतो.

म्हणून ओपीजी म्हणजे भिंतीवरच्या जगाच्या नकाशासारखा: गोल वस्तू सपाट कागदावर उलगडलेली, कुठे ताणलेली, कुठे दाबलेली. देश कुठे आहे ते कळतं, पट्टी लावून अंतर मोजायला जाऊ नये. दात प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसतात, आणि ते मोठेपणही सगळीकडे सारखं नसतं. सुळा आणि उपदाढांच्या भागात दात एकमेकांवर चढलेले दिसतात आणि मुळांचा कल फसवा येतो. दोन दातांमधली सुरुवातीची कीड यात खात्रीने कळत नाही. तिच्यासाठी दाढांचा छोटा एक्स-रेच लागतो. जबडे पुढे-मागे किती आहेत, पुढचे दात किती बाहेर झुकलेत हे तर यात येतच नाही. ते बाजूने घेतलेल्या लॅटरल सेफमध्ये येतं, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिले असावेत. मुलीचा खालचा जबडा मागे असेल किंवा वरचे दात फार पुढे असतील तर लॅटरल सेफला अर्थ आहे. नुसते दात वाकडे असतील, चावा ठीक असेल, तर तो आत्ताच लागतो का, हे विचारायला हरकत नाही. मी स्वतः अशा वेळी आधी ओपीजी बघते, सुळ्याचं काय ते ठरवते, आणि तारा खरंच लावायच्या वेळी सेफ काढायला सांगते. दोन्ही एकाच यंत्रावर निघतात, पण म्हणून दोन्ही एकाच दिवशी काढले पाहिजेत असं नाही.

ओपीजी एक गोष्ट लपवतो: सुळा टाळूच्या बाजूला आहे की ओठाच्या बाजूला, हे सपाट चित्रात कळत नाही. थोडा सुगावा लागतो. टाळूकडचा दात किरणांच्या नळीच्या जवळ असतो म्हणून दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापेक्षा मोठा दिसतो. पण खात्री करायला आम्ही वेगळ्या कोनातून एक छोटा एक्स-रे घेतो आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवतो. किरणांची नळी ज्या दिशेने सरकवली त्याच दिशेने सुळा सरकलेला दिसला तर तो टाळूकडे, उलट दिशेने सरकला तर ओठाकडे. जुनी, स्वस्त आणि भरवशाची पद्धत आहे ही, आणि बऱ्याच वेळा एवढ्यावर काम भागतं.

इथेच थ्रीडी स्कॅनचा, म्हणजे सीबीसीटीचा मुद्दा येतो. तो वाईट नाही. अडकलेला सुळा शेजारच्या मुळाला खातोय अशी शंका असेल, शस्त्रक्रियेसाठी नेमकी जागा हवी असेल, तर तो काढायलाच हवा, कारण मुळाचं नुकसान ओपीजीत बरंचसं झाकलेलं राहतं. मावसबहिणीच्या मुलाला तसं कारण असेलही. पण सगळ्यांना सुरुवातीलाच सीबीसीटी, हे मला पटत नाही. त्यात किरणांची मात्रा ओपीजीच्या काही पटींपासून अनेक पटींपर्यंत जाते. किती, ते यंत्रावर आणि किती भाग घेतला त्यावर अवलंबून असतं. कधी काढावा लागलाच तर पूर्ण डोक्याचा नको, फक्त त्या सुळ्यापुरत्या लहान भागाचा काढा, असं चिठ्ठीवर लिहून घ्या.

सासूबाईंच्या काळजीबद्दल. ती काळजी खोटी नाही, आणि ‘काही होत नाही हो’ म्हणून ती उडवून लावणाऱ्या डॉक्टरांशी मी सहमत नाही. लहान मुलांच्या पेशी किरणांना मोठ्यांपेक्षा जास्त संवेदनशील असतात आणि त्यांच्यापुढे आयुष्यही जास्त असतं. किरणांची मात्रा शून्य नसते, म्हणून धोकाही अगदी शून्य म्हणता येत नाही. पण किती ते आकड्यांत बघा. आजच्या डिजिटल यंत्रावर एका ओपीजीत साधारण 10 ते 25 मायक्रोसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरणं लागतात. लॅटरल सेफमध्ये बहुतेक वेळा 6 पेक्षा कमी. जमिनीतून, हवेतून, अन्नातून आणि आकाशातून जी नैसर्गिक किरणं आपल्या प्रत्येकाच्या अंगावर रोज येतात, त्यांची जागतिक सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट (2400 मायक्रोसिव्हर्ट), म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. म्हणजे एक ओपीजी म्हणजे घरी बसून दोन ते चार दिवसांत मिळणारी मात्रा. एवढ्यासाठी दात गमावण्याचा धोका पत्करणं शहाणपणाचं नाही, हे सासूबाईंना शांतपणे समजावून सांगा. त्या ऐकतील असं मला वाटतं, कारण त्यांची भीती पोरीच्या मायेपोटीच आहे.

मात्र याच हिशोबाची दुसरी बाजूही आहे. मात्रा थोडी आहे म्हणून उगाच काढायचा, असंही नाही. प्रत्येक एक्स-रे हा तोंड तपासल्यानंतर, एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी काढायचा असतो. ब्रिटिश ऑर्थोडॉन्टिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही भर यावरच आहे: आधी तपासणी, मग कारण, मग एक्स-रे. दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर, डॉक्टरांनी तोंडात बघण्याआधीच रिसेप्शनवरून ‘आधी ओपीजी काढून या’ असं कुणी सांगितलं तर थांबा आणि डॉक्टरांना भेटायचा आग्रह धरा. तुमच्या डॉक्टरांनी आधी तपासलं, मग लिहून दिलं, हे योग्यच झालं.

आता घरात पडलेला जुना ओपीजी. तो फेकू नका, बरोबर न्या. साडेनऊ वर्षांच्या वयातल्या त्या चित्रात सुळा कुठे होता हे दिसेल, आणि आजच्या चित्राशी ताडून बघितलं तर तो कोणत्या दिशेने आणि किती सरकला हे कळेल. एका चित्रापेक्षा अशा दोन चित्रांतून मला जास्त कळतं. पण त्याच्यावर आजचा निर्णय घेता येणार नाही. या वयात दोन वर्षांत जबड्यात खूप काही बदलतं, मुळं वाढतात, दात सरकतात. सहा महिन्यांपूर्वीचा चांगला ओपीजी असता तर मी बहुधा नवा मागितला नसता. मोठ्या माणसाच्या बाबतीत, दात-हाडांत काही घडलेलं नसेल तर, त्याहूनही जुना चालून जातो.

ओपीजी काढायला जाल तेव्हा काय करायचं, ते जरा तपशिलात लिहिते, कारण खराब निघालेल्या फिल्मसाठी पोरीला दुसऱ्यांदा किरणं घ्यावी लागणं ही खरी वाईट गोष्ट आहे, आणि ती बहुतेक वेळा टाळता येते.

कानातलं, चमकी, गळ्यातली साखळी, केसांच्या पिना आणि क्लिपा घरीच काढून ठेवा. कानातलं राहिलं तर नुसतं तिथेच दिसत नाही. त्याची एक धूसर, मोठी सावली समोरच्या बाजूला थोडी वर उमटते. म्हणजे उजव्या कानातल्या कुडीची सावली डाव्या बाजूला पडते, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत बघायची आहे ती डावी बाजूच. चमकी तर पुढच्या दातांच्या मुळांच्या अगदी जवळ येते. घट्ट बसली असेल तर आदल्या दिवशी तेल लावून सैल करून ठेवा; सेंटरवर घाईत ओढाताण नको.

यंत्रात उभं राहताना मान ताठ, पाय थोडे पुढे. मान खाली घालून उभं राहिलं की मानेच्या मणक्यांची पांढरी सावली बरोबर पुढच्या दातांवर पडते. दातांत धरायला एक छोटी दांडी देतात, तिच्यावर खाच असते; वरचे आणि खालचे पुढचे दात दोन्ही त्या खाचेत यायला हवेत. मुलं खूपदा नुसती ओठांनी धरतात. मग दात त्या स्पष्ट पट्ट्याच्या पुढे किंवा मागे जातात आणि पुढचे दात एकदम चिंचोळे नाहीतर फुगलेले येतात. हनुवटी जास्त खाली झाली तर सगळी दातांची ओळ प्रमाणाबाहेर हसऱ्या चेहऱ्यासारखी वळते, वर झाली तर ती सपाट होते आणि वरच्या मुळांवर टाळूचं हाड येऊन बसतं. ओठ मिटलेले आणि जीभ पूर्ण टाळूला चिकटवलेली हवी. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. जीभ खाली राहिली की टाळू आणि जिभेच्या मधल्या हवेचा काळा पट्टा वरच्या दातांच्या मुळांवर पडतो, आणि आपल्याला बघायचा तो सुळा नेमका तिथेच असतो. आदल्या दिवशी घरी दोन-तीनदा सराव करून घ्या: घोट गिळ, आता जीभ तशीच वर धरून ठेव, वीस आकडे मोजेपर्यंत हलू नकोस.

टेक्निशियनला सांगा की मुलगी साडेअकरा वर्षांची आहे, लहान मुलांची सेटिंग लावा. जवळजवळ सगळ्या नव्या यंत्रांत ती असते. तिच्यात मात्रा कमी होते आणि भागही लहान घेतला जातो. गर्दीच्या वेळी मोठ्यांच्या सेटिंगवरच मूल उभं केलं जातं, म्हणून आपण आठवण करावी. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे मुंबईतल्या एईआरबीची परवानगी असावी लागते; तशी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. लेड एप्रनबद्दल, म्हणजे किरणं अडवायला अंगावर घालतात त्या शिशाच्या एप्रनबद्दल, बरेच पालक विचारतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याची कॉलर नेहमीसाठी वापरणं बंद करण्याची शिफारस केली, कारण नेमका लावलेला किरणांचा झोत आणि डिजिटल यंत्र यांनीच खरं संरक्षण होतं. आपल्याकडे एप्रन घालतात. घातला तर बिघडत नाही, मात्र गळ्याची कॉलर ओपीजीत नको. ती किरणांच्या आड येते आणि फिल्म वाया जाते.

निघताना सॉफ्ट कॉपी मागा, पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर मूळ फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातले बारकावे निघून जातात. खिडकीसमोर फिल्म धरून मोबाइलने काढलेल्या फोटोवर तर मुळाची झीज आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. खर्च खाजगी सेंटरवर काही शे रुपये येतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात तो बराच कमी येतो, आणि तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभागही असतो.

पुढे परत किती वेळा काढावा लागेल, हेही तुम्ही आत्ताच विचारून घ्या. माझ्या मते तुमच्या मुलीचा दुधाचा सुळा काढायचा ठरला तर मध्ये तपासणी बोटानेच होईल, आणि पक्का सुळा हाताला लागत नसेल तर वर्षभराच्या आत एक एक्स-रे पुन्हा घ्यावा लागेल. वर्षभरात दिशा सुधारली नाही तर पुढे थांबून काही मिळत नाही. मग हिरडी उघडून साखळी लावण्याच्या तयारीला लागावं. तारा लागल्यानंतर सहा ते नऊ महिन्यांनी पुढच्या दातांची मुळं झिजताहेत का ते बघणं चांगलं, पण त्याला पुढच्या दातांचा छोटा एक्स-रे जास्त उपयोगी. तारांनी मुळांची टोकं थोडीशी बोथट होणं बऱ्याच जणांत होतं आणि त्याने पुढे त्रास होत नाही. झीज जास्त दिसली तर आम्ही दोन-तीन महिने दात हलवणं थांबवतो. उपचाराच्या शेवटी मुळं एकमेकांना समांतर आहेत का हे बघायला ओपीजी काढतात. सुळा-उपदाढेच्या भागात तो कल फसवा दाखवतो हे लक्षात ठेवून तो वाचावा लागतो. तारा काढल्यावर केवळ फाइलमध्ये ठेवायला म्हणून आणखी एक, याच्या मी विरोधात आहे. अक्कलदाढांचं बघायचं असेल तर ते सतराव्या-अठराव्या वर्षी बघावं. आणि अक्कलदाढा पुढचे दात ढकलून वाकडे करतात, म्हणून त्या काढा, असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका. त्या म्हणण्याला अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. त्या काढायची इतर योग्य कारणं असतात, ती वेगळी.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण हल्ली फार दिसते. तोंडाचा स्कॅन घेऊन, कुठलाही एक्स-रे न काढता पारदर्शक अलाइनर (तारांऐवजी दातांवर बसवायचे प्लास्टिकचे साचे) घरपोच पाठवले जातात. तोंडात फिरवायच्या त्या स्कॅनरला फक्त बाहेर आलेले दात आणि हिरडी दिसते. मुळं, हाड, आत अडकलेले दात यांतलं काहीही त्याला दिसत नाही. तुमच्या मुलीसारख्या तोंडाचा असा स्कॅन काढला तर त्यात एक छान दुधाचा सुळा दिसेल आणि त्याला धरून बाकीचे दात सरळ करण्याचा आराखडा तयार होईल. वर वाट अडलेला पक्का सुळा त्या आराखड्यात नसेलच. तार असो की अलाइनर, मुळं बघितल्याशिवाय दात हलवायला कुणालाही परवानगी देऊ नका.

तर या आठवड्यात एवढं करा. जुना ओपीजी शोधा, नवा काढून घ्या, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना चार गोष्टी विचारा: डावा सुळा टाळूकडे आहे का; त्याचं टोक शेजारच्या मुळाच्या कुठल्या भागावर आहे; दुधाचा सुळा काढायचा का आणि त्यासाठी जागा पुरेशी आहे का; शेजारच्या दाताचं मूळ शाबूत आहे का, की त्यासाठी लहान भागाचा सीबीसीटी लागेल. जागेचा प्रश्न विसरू नका. दात दाटीवाटीने असतील तर नुसता दुधाचा सुळा काढून पुरत नाही, आधी तारांनी किंवा प्लेटने थोडी जागा करावी लागते, आणि तसं असेल तर तुमच्या मुलीचे उपचार तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा लवकर सुरू होतील.